ऑर्विलचा अर्धा सूर

माझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. त्यांना कौतुक करायला काय जातं? त्यांना त्याच्याबरोबर राहावं लागत नाही. एकदा लाँग आयलंडला एका लग्नात ऑर्विलला गायला बोलावलं होतं. गाणं छान झालं, नवरीची आई रडली, नवरीने स्वतः येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. तर हा तिला म्हणतो, "दुसऱ्या कडव्यात मी सुरात जरा खाली होतो. तुमच्या लक्षात आलं नसेल, पण होतो." भर लग्नात! ती बिचारी पांढऱ्या झग्यात नुसती बघत राहिली. मी त्याला कोपराने ढोसलं, तर माझ्यावरच डोळे मोठे करून म्हणाला, "का? झालं ते सांगितलं."

असा हा ऑर्विल हेनिंग. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना गावचा. बाप रेल्वेच्या कारखान्यात बॉयलर दुरुस्त करायचा आणि पोरानेही तेच करावं अशी त्याची साधी अपेक्षा होती. पण ऑर्विल चर्चमध्ये गायला उभा राहिला की मागच्या बाकांवरचे म्हातारे झोपेतून जागे व्हायचे. पास्टरच्या बायकोने हट्टाने त्याला फिलाडेल्फियाला एका मास्तरांकडे धाडलं. पुढे लढाईत तीन वर्षं गेली, आणि परत आल्यावर तो एका फिरत्या ऑपेरा कंपनीत शिरला. एक बस, एक ट्रक आणि रोज नवं गाव. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळ्याखाली इटलीचे राजवाडे उभे राहायचे. मी त्या कंपनीचे विग सांभाळायची. माझं माहेर ब्रुकलिनचं आणि वडील न्हावी, त्यामुळे केस हा आमच्या घरचाच विषय.

आयोवात रस्त्याकडेच्या एका हॉटेलात अ‍ॅपल पाय खाता खाता त्याने मला लग्नाचं विचारलं. विचारायच्या आधी काटा खाली ठेवून म्हणाला, "लोरेटा, मी मोठा गायक होईन याची शक्यता पाचात एक. फार तर. हे आधी सांगितलेलं बरं." मला वाटलं, किती विनयी माणूस आहे! विनय कसला, तो त्याचा चोख अंदाज होता.

अठ्ठेचाळीस साली आम्ही न्यूयॉर्कला आलो. तिथल्या ऑपेरा हाऊसमध्ये आधी मला काम लागलं, विगांच्या खोलीत, इर्माच्या हाताखाली. इर्मा व्हिएन्नाहून आलेली, साठीची. तिच्या तोंडात कायम चार पिना असायच्या आणि त्या पिनांमधूनच ती सगळ्या थिएटरच्या बातम्या सांगायची. सहा महिन्यांनी ऑर्विलही तिथेच लागला. कामं काय, तर दूत, नोटरी, दुसरा पहारेकरी. "महाराज, घोडे तयार आहेत" एवढं गायचं आणि डावीकडून बाहेर पडायचं. पण त्याच्या करारात आणखी एक ओळ होती आणि त्या ओळीवर आमचा सगळा संसार टांगलेला होता. थिएटरचा सगळ्यात मोठा टेनर, म्हणजे उंच आवाजात नायक गाणारा, सिल्व्हानो बर्तोक्की, त्याचा राखीव गायक म्हणून ऑर्विलची नेमणूक होती.

राखीव गायकाला मुख्य भूमिका तोंडपाठ लागते. प्रयोग चालू असताना त्याने थिएटरपासून दहा मिनिटांच्या आत असायचं, शेवटचा अंक सुरू होईपर्यंत. म्हणून ऑर्विल रस्त्यापलीकडच्या कॉफीच्या दुकानात टेलिफोनशेजारच्या टेबलावर बसायचा. समोर सूप, गळ्याला मफलर, तोही मे महिन्यात. असा नऊ वर्षं बसला. आणि त्या नऊ वर्षांत बर्तोक्की एकदाही आजारी पडला नाही! कच्चे कांदे खायचा, काळे चिरूट ओढायचा, पावसात बोडक्याने हिंडायचा आणि खोकला यायचा तो ऑर्विलला.

आमच्या घरात मात्र कांदा तळायचा नाही, खिडकी उघडायची नाही, उशीत पिसं नकोत. बर्तोक्कीचा प्रयोग असेल त्या दिवशी ऑर्विल तोंडातून शब्द काढायचा नाही, न जाणो गावं लागलं तर. मी बोलायची आणि मला पाटीवर उत्तर मिळायचं. एकदा चिडून मी विचारलं, "अरे, तुझं माझ्यावर प्रेम तरी आहे का?" त्याने शांतपणे पाटीवर लिहिलं, "हो. दूध संपलंय." ती पाटी मी त्याच्या डोक्यात घालणार होते, पण ओरडला तर गळा बसेल म्हणून सोडून दिलं.

मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ऑर्विलने त्या मोठ्या लाल पडद्यापुढे मुख्य गायक म्हणून उभं राहावं, आणि पुढच्या हंगामाच्या जाहिरातीत त्याचं नाव मोठ्या अक्षरांत असावं. दूत आणि पहारेकरी खूप झाले. तो सेहेचाळीस वर्षांचा झाला होता आणि टेनरचा गळा काही बायकोच्या इच्छेसाठी थांबत नाही.

त्या मुख्य भूमिकेत तिसऱ्या अंकात एक गाणं होतं. नायक किल्ल्याच्या भिंतीवर चढून हाक देतो आणि हाकेच्या टोकाला वरचा सी लावतो, टेनरच्या गळ्यातला सगळ्यात उंच सूर. लोक तिकीट काढायचे ते त्या एका सुरासाठी. बसच्या दिवसांत मी ऑर्विलचा तो सूर शेकडो वेळा ऐकला होता. घरी रियाज करताना मात्र तो तिथवर यायचा, थांबायचा आणि नुसतं बोट वर करायचा. गळा राखण्यासाठी सगळेच गायक असं करतात. मी बटाटे सोलता सोलता विचारायची, "काय, आहे ना जागेवर?" तो हसायचा. मी खूश व्हायची.

सत्तावन्न सालचा हंगाम सुरू झाला आणि इर्माने पिनांमधून बातमी दिली.

"अगं, ऐकलंस का? सिन्योर बर्तोक्कीने तिसऱ्या अंकातल्या गाण्याची पट्टी उतरवून घेतली."

"म्हणजे काय केलं?"

"अर्ध्या सुराने खाली आणली. वाजवणाऱ्यांच्या सगळ्या वह्या नव्याने लिहिल्या. आता तो सी गातच नाही, त्याच्या खालचा बी गातो. त्रेपन्न वर्षांचा झाला, करतो काय? पण बाहेर कुठे बोलू नकोस हं बाई. ट्रॅस्कने सगळ्यांना तंबी दिलीय."

ट्रॅस्क म्हणजे आमचा मॅनेजर. त्याने तंबी दिली नसती तरी मी बोलले नसते, निदान ऑर्विलसमोर तरी. त्याला कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत तो ट्रॅस्कच्या दारात जाऊन उभा राहिला असता. आणि एरवी त्याला कळण्याचा प्रश्नच नव्हता. राखीव गायकाची तालीम नुसत्या पियानोवर होते, मूळ पट्टीत. पूर्ण वाद्यवृंद त्याच्या वाट्याला येत नाही, आणि प्रयोग चालू असताना हा रस्त्यापलीकडे सूप पीत बसलेला. मी मूग गिळून गप्प बसले.

फेब्रुवारीतला शनिवार होता, दुपारचा प्रयोग. दुसरा अंक संपवून बर्तोक्की माझ्या खुर्चीत येऊन बसला आणि मी आरशात बघते तर चेहरा हिरवा पडलेला. जेवताना दोन डझन शिंपले खाल्ले होते. "आई गं, मेलो!" म्हणून जो उठला तो थेट संडासात गेला आणि आतून कडी लावून घेतली. मी कोटसुद्धा न घालता बर्फाच्या चिखलातून रस्ता ओलांडला.

"ऑर्विल, ऊठ! बर्तोक्की गेला!"

"गेला?" नवऱ्याने घाबरून विचारलं.

"संडासात गेला रे! चल लवकर!"

आणि हा माणूस काय करत होता? हातरुमालाची घडी! कोपऱ्याला कोपरा जुळवून! नऊ वर्षं ज्या क्षणासाठी कांदा न खाता काढली, तो क्षण दारात उभा होता आणि हा घडी घालत होता.

मध्यंतराची बारा मिनिटं उरली होती. बर्तोक्कीचं डोकं म्हणजे भोपळा, त्याचा विग ऑर्विलच्या डोळ्यांवर उतरला. मी आत कापूस कोंबला, कपाळाला गोंद लावला. पट्टीचं सांगायचं असेल तर आत्ताच सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मूळ वह्या आणा. वह्या तळघरात. वाजवणारे साठ. आणि हा हटून बसला असता तर पडदा कुणासाठी वर जाणार? मी शेवटची पिन खोचली आणि म्हटलं, "जा."

विंगेत उभी राहून मी बघत होते. गाण्याचा पहिला सूर वाजला मात्र, ऑर्विलने चटकन मान वळवून वाजवणाऱ्यांकडे पाहिलं. पण मग तो गायला लागला. कसा गायला ते मला सांगता यायचं नाही, मला सूर कळत नाहीत, केस कळतात. एवढंच सांगते की तो शेवटची हाक द्यायला भिंतीवर चढला, तो सूर लावला आणि धरून ठेवला, आणि सूर सुटायच्या आत अख्खं थिएटर उभं राहिलं. प्रयोग संपल्यावर त्याला पडद्यापुढे अकरा वेळा बोलावलं. अकरा! मी मोजल्या. इर्माच्या तोंडातल्या चारही पिना खाली पडल्या. टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले होते आणि मी एवढ्या मोठ्याने रडत होते की पडदा ओढणारा माणूस मला "बाई, जरा हळू" म्हणाला.

ऑर्विल विंगेत आला. मला वाटलं, आता मिठी मारेल.

"पट्टी खाली होती," तो म्हणाला.

"असेल."

"तुला माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

विग त्याने स्वतःच ओढून काढला, गोंदासकट, कपाळाची साल निघेपर्यंत.

सोमवारी पेपरात परीक्षण आलं. "इतका निर्मळ वरचा सी या थिएटरने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता," असं छापलं होतं आणि पुढे त्याचं पूर्ण नाव. मी सहा प्रती आणल्या. एक इर्माला दिली, एक खालच्या खाटकाला. घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवलं. ऑर्विलने ऐकून घेतलं, मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसला आणि लिहायला लागला. मला बरं वाटलं. म्हटलं, अल्टूनाला बापाला कळवतोय.

गुरुवारी ते पत्र पेपरात आलं. आधी मला खाटकाने दाखवलं. "संपादक महाशय, आपल्या परीक्षणात चूक झाली आहे. शनिवारी मी वरचा सी गायलो नाही. या हंगामापासून त्या गाण्याची पट्टी अर्ध्या सुराने उतरवलेली आहे, त्यामुळे तो बी होता. कृपया दुरुस्ती छापावी. आपला, ऑर्विल हेनिंग."

मी तिथेच सॉसेजच्या काचेला टेकले. पायावर धोंडा पाडून घेणारे लोक मी पाहिलेत, पण इतक्या लांबून धोंडा उचलून आणणारा हा एकच. गावभर बर्तोक्कीचं हसं झालं. बर्तोक्कीने थिएटरच्या जिन्यात उभं राहून ऑर्विलच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला, सामान बांधलं आणि इटलीला जायला जिनोव्हाची बोट पकडली.

"अरे, तुला कुणी विचारलं होतं का?" मी घरी ओरडले. "कुणी विचारलं होतं, सी होता की बी होता म्हणून?"

"छापलं ते चूक होतं."

"चूक असू दे की! तुझ्या बाजूने होती ना!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

या "म्हणूनच"वर काय बोलायचं? मी हात टेकले.

शुक्रवारी दुपारी ट्रॅस्कने त्याला ऑफिसात बोलावलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण ऑर्विलला त्या खोलीत एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी टोपी घालून बरोबर गेले. मला वाटलं होतं, नोकरी गेली. पण ट्रॅस्क हसत होता.

"बसा, मिस्टर हेनिंग. नऊ वर्षांत मला तुमचं पहिलं नाव माहीत नव्हतं. आज सकाळी माझी बायको नाश्त्याला तुमचंच नाव घेत होती. पत्राचा मला संताप आला, तो विषय संपला. सिन्योर परत येणार नाही. पुढच्या हंगामात ती भूमिका तुमची, सात प्रयोग." त्याने टेबलावरून करार पुढे सरकवला. त्यावर ऑर्विलचं नाव टंकलेलं होतं. "अट एकच. यापुढे पत्रं लिहायची नाहीत."

मी पेन उचलून ऑर्विलच्या हातात दिलं.

"पट्टी कुठली?" ऑर्विलने विचारलं.

"आहे तीच. उतरवलेली. तुम्हालाच सोपं."

"चालेल. मग कार्यक्रमपत्रिकेत तसं छापा."

"कसं?"

"तिसऱ्या अंकातलं गाणं अर्ध्या सुराने उतरवून सादर होईल. एक ओळ. बारीक अक्षरांत छापलं तरी चालेल."

ट्रॅस्कने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मिस्टर हेनिंग, जगात कुठल्या थिएटरने असं छापलंय? उद्या छापू की नायिकेचे केस खोटे आहेत?"

"केसांसाठी कुणी तिकीट काढत नाही," ऑर्विल म्हणाला. मला ते लागलं, पण ती वेळ नव्हती.

"बरं," ट्रॅस्क म्हणाला. "तुम्हाला एवढंच वाटत असेल तर मूळ पट्टीत गा. इथे पियानो आहे, वाजवणाऱ्याला वर बोलावतो. आत्ता सी लावून दाखवा, मी सगळ्या वह्या परत बदलून घेतो. मग तर झालं?"

मला इतका आनंद झाला! मी खुर्चीवरून उठलेच. "दाखव त्यांना, ऑर्विल. काढ मफलर."

ऑर्विलने मफलर काढला नाही. पेन टेबलावर ठेवलं.

"मला सी लागत नाही," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. शनिवारी पट्टी मूळची असती तर माझा आवाज तिथेच फाटला असता आणि लोकांनी शिट्ट्या मारून मला खाली उतरवलं असतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या मी न केलेल्या गोष्टीसाठी."

मग ट्रॅस्क, आणि हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मुला, तुझ्या वयाच्या कुणालाच तो लागत नाही. सगळेच उतरवतात. सही कर."

"करतो," ऑर्विल म्हणाला. "ती ओळ छापा."

ट्रॅस्कने पेनला टोपण लावलं.

पुढचं थोडक्यात सांगते. ती भूमिका क्लीव्हलंडच्या एका तरुण पोराला मिळाली. ऑर्विलने तो हंगाम दूत आणि पहारेकरी करत संपवला आणि मग पॅटरसन गावच्या शाळेत गाणं शिकवायला लागला. एकवीस वर्षं शिकवलं आणि एवढ्या वर्षांत एकाही पोराला खोटं शाबास म्हटलं नाही. पोरं त्याच्यावर जीव टाकायची, का ते देवालाच ठाऊक. पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारी आम्ही जिना उतरून रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या डोक्यात करार नव्हताच. माझ्या डोक्यात ती दोन वर्षं होती. दोन वर्षं मी बटाटे सोलत रोज विचारत होते आणि हा रोज हसत होता.

"पेपरवाल्यांना पत्र लिहून कळवलंस," मी म्हटलं. भर रस्त्यात, मोठ्याने. "ट्रॅस्कला तोंडावर सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

ऑर्विल थांबला. माणसं आम्हाला धक्के मारून पुढे जात होती.

"ट्रॅस्कला काय, त्याला कुठलाही सूर चालतो," तो म्हणाला. "पेपरवाल्यांनाही चालतो. तो सी फक्त तुला हवा होता, लोरेटा. तू विचारायचीस आणि तुझा चेहरा असा खुलायचा. रोज ठरवायचो, आज सांगू."

माझा राग कुठे जायचा तो गेला. मी त्याच्या कोटाची बाही धरली.

"अरे, मला सी आणि बी यांतला फरकसुद्धा कळत नाही," मी म्हटलं. "मला कधीच कळला नाही. मला तू त्या पडद्यापुढे उभा राहिलेला हवा होतास. शनिवारी तू उभा होतास. त्या टाळ्यांत माझ्याही होत्या, ऑर्विल, आणि त्या अर्ध्या सुरासाठी नव्हत्या. सगळ्या परत करून टाकल्यास. निदान माझ्या परत करायच्या आधी मला विचारायचं होतंस."

खरं असेल ते कधीही, कुणालाही, भर लग्नातसुद्धा तोंडावर सांगणारा माझा नवरा. त्याने खिशातून हातरुमाल काढला आणि भर रस्त्यात त्याची घडी घालायला लागला, कोपऱ्याला कोपरा जुळवून.